मूळ बांधणीतले आद्य सचित्र ग्रंथ : संग्रहाचा आढावा

विषयाची व्याप्ती

युरोपात सुट्या खिळ्यांनी पुस्तके छापण्याची सुरुवात जर्मनीतल्या माइन्झ शहरात पंधराव्या शतकाच्या मध्यास झाली. तिथपासून १५०० सालाच्या अखेरीपर्यंत छापलेल्या पुस्तकांना ग्रंथशास्त्रात ‘इनक्युनाब्युला’ म्हणतात. त्यांच्या सुमारे ३०,००० आवृत्त्यांची नोंद आज उपलब्ध आहे. त्यांतल्या बऱ्याच आवृत्त्या सचित्र आहेत. संग्राहक ही कालमर्यादा सहसा सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेतात, कारण लाकडी ठशांच्या चित्रांची कला तोवर शिखरावर पोचली होती आणि बांधणीची जुनी रीतही तोवर टिकून होती.

या ग्रंथांच्या ज्या प्रती आज हाती लागतात, त्यांतल्या बहुतेकांची बांधणी नंतरच्या काळातली आहे. पहिल्या मालकाने करून घेतलेली बांधणी ज्यांवर टिकून आहे, अशा प्रती थोड्या आहेत. या थोड्या प्रतींचे मोल नुसत्या दुर्मीळपणामुळे नाही. छापलेला मजकूर त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींत जवळजवळ सारखाच असतो. चित्रांवरचा रंग, समासातल्या नोंदी, शिवण, कातड्यावरचे ठसे आणि अस्तराचा कागद मात्र त्या एकाच प्रतीचे असतात. म्हणून जुनी बांधणी हा त्या प्रतीच्या आयुष्याचा दस्तऐवज आहे आणि तो एकदा फाडला की पुन्हा तयार होत नाही. या विषयाचा सारा इतिहास ही गोष्ट उशिरा कळल्याचा इतिहास आहे.

चित्रे पुस्तकात कशी आली

खिळे आणि लाकडी ठसा या दोहोंचा पृष्ठभाग उठावाचा असतो. दोघांची उंची सारखी ठेवली, तर एकाच चौकटीत बसवून एकाच दाबाखाली मजकूर आणि चित्र छापता येते. बाम्बर्ग येथील आल्ब्रेख्त फिस्टर याने १४६१ मध्ये ‘डेअर एडेलश्टाइन’ हा बोधकथांचा जर्मन संग्रह चित्रांसह प्रसिद्ध केला. खिळ्यांनी छापलेले तारीखवार पहिले सचित्र पुस्तक म्हणून त्याची नोंद होते. इटलीतले पहिले सचित्र पुस्तक रोममध्ये १४६७ साली उलरिख हान या जर्मन मुद्रकाने छापले.

त्यानंतर आउग्सबुर्ग आणि उल्म ही शहरे पुढे आली. आउग्सबुर्गला ग्युंटर झाइनर याने चित्रांची पुस्तके काढायला घेतली, तेव्हा ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या संघाने त्याला विरोध केला. ठशांचे काम संघाच्याच माणसांना द्यायचे, या अटीवर तो वाद मिटला. उल्मला योहान झाइनर याने १४७३ मध्ये बोकाचिओचे प्रसिद्ध स्त्रियांवरचे पुस्तक आणि त्यानंतर काही वर्षांत इसापाच्या कथा सचित्र छापल्या. व्हेनिसमध्ये एरहार्ट राटडोल्ट याने १४८२ साली युक्लिडची भूमिती छापली आणि रुंद समासात आकृत्या बसवून शास्त्रीय पुस्तकांना एक वळण लावले. १४८६ मध्ये माइन्झला निघालेले ब्रायडेनबाखचे यरुशलेमचे यात्रावर्णन चित्रकार एरहार्ट रॉयविख याने प्रवासात सोबत राहून चितारले. त्यात व्हेनिसचे घडीचे लांबलचक दृश्य आहे.

या काळातला सर्वांत मोठा सचित्र उद्योग म्हणजे १२ जुलै १४९३ रोजी न्यूर्नबर्गमध्ये आंटोन कोबेर्गर याने पुरा केलेला हार्टमान शेडेलचा ‘लिबेर क्रोनिकारुम’, म्हणजेच न्यूर्नबर्ग क्रॉनिकल. मिखाएल व्होल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कारखान्यात त्याचे ६४५ ठसे कोरले गेले. तेच ठसे फिरवून वापरल्यामुळे पुस्तकात १,८०९ चित्रे भरली. एकच चेहरा अनेक राजांना आणि एकच नगरदृश्य अनेक शहरांना वापरले आहे. न्यूर्नबर्गसारखी काही शहरे मात्र प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मन आवृत्ती निघाली. पुढे १४९८ मध्ये आल्ब्रेख्त ड्यूररने ‘अपोकॅलिप्स’ची पंधरा चित्रे पुस्तकरूपाने स्वतः प्रसिद्ध केली. १४९९ मध्ये आल्दुस मानुतिउसच्या व्हेनिसमधील छापखान्यातून ‘हिप्नेरोतोमाखिया पोलिफिली’ बाहेर पडले. पान आणि चित्र यांचा इतका सुंदर मेळ त्या शतकात क्वचितच साधला गेला.

सोळाव्या शतकात शास्त्राने हे तंत्र हाती घेतले. बाझेलमध्ये १५४२ साली लिओनहार्ट फुक्सचा वनस्पतिग्रंथ ५०० हून अधिक चित्रांसह निघाला. त्यात चित्र काढणारे दोघे आणि ठसा कोरणारा एक, अशा तिघांची व्यक्तिचित्रे नावांसह छापलेली आहेत. पुढच्याच वर्षी त्याच शहरात व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ‘फाब्रिका’ प्रसिद्ध झाला.

‘मूळ बांधणी’ म्हणजे काय

आजच्या प्रकाशकासारखी एकसारखी बांधणी त्या काळी नव्हती. पुस्तक छापखान्यातून बहुधा सुट्या तावांच्या रूपात बाहेर पडे. हे ताव पिंपांत भरून नदीमार्गाने आणि गाड्यांनी दूरच्या बाजारांत आणि जत्रांत जात. ग्राहक ताव विकत घेई, हवे तर रंगाऱ्याकडून चित्रे रंगवून घेई, ठळक अक्षरे लाल-निळ्या शाईने भरवून घेई आणि मग आपल्या ऐपतीप्रमाणे बांधणीकाराकडे देई. काही व्यापारी, कोबेर्गरसारखे, थोड्या प्रती बांधून घेऊनही विकत. तरीही एका आवृत्तीच्या दोन प्रतींची बांधणी एकसारखी सापडणे हा अपवाद असतो.

म्हणून या क्षेत्रात ‘मूळ’ याचा अर्थ छपाईनंतर थोड्याच काळात, पहिल्या मालकासाठी झालेली बांधणी असा घेतात. कधी तिची तारीखही कळते. माइन्झला छापलेल्या गुटेनबर्ग बायबलची एक कागदी प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे; तिच्यात हाइनरिख क्रेमर या धर्मोपदेशकाने रंगकाम आणि बांधणी ऑगस्ट १४५६ मध्ये पुरी केल्याचे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. बायबलच्या छपाईचा काळ ठरवण्यासाठी याच नोंदीचा मोठा आधार मिळाला. बांधणीशी जोडलेली एक ओळ साऱ्या आवृत्तीचा इतिहास कसा उजळू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

बांधणीची रचना आणि प्रांतांच्या खुणा

बांधणीकार ताव घडी घालून त्यांचे जुज करी आणि ते क्रमाने लावी. क्रम चुकू नये म्हणून पुढे मुद्रक प्रत्येक जुजाच्या पानांवर अक्षरांच्या खुणा आणि शेवटी जुजांची यादीही छापू लागले. जुज दोऱ्याने कातडी पट्ट्यांवर किंवा जाड सुतळीवर शिवले जात. या पट्ट्यांची टोके लाकडी फळ्यांना पाडलेल्या भोकांतून ओवून खुंटीने घट्ट करीत. फळ्या ओक किंवा बीच झाडाच्या असत. त्यांवर वासराचे, मेंढीचे किंवा तुरटीने कमावलेले पांढरे डुकराचे कातडे चढवले जाई. कोपऱ्यांना आणि मध्यभागी पितळी टोपणे ठोकत, म्हणजे पुस्तक मेजावर आडवे ठेवले तरी कातडे घासत नसे. चर्मपत्राची पाने दमट हवेत फुगतात, म्हणून पुस्तक आवळून धरण्यासाठी पितळी आकडे बसवत. ग्रंथालयांत पुस्तक साखळीने बांधण्याचीही प्रथा होती. मागच्या फळीवर राहिलेली साखळीची कडी किंवा तिचा गंज आजही तशा प्रती ओळखू आणतो.

प्रांताप्रांतांच्या रीती वेगळ्या होत्या. जर्मन आणि डच बांधणीत आकड्याची पट्टी साधारणपणे मागच्या फळीला असते आणि ती पुढच्या फळीवर अडकते. इंग्लंड, फ्रान्स आणि इटलीत बहुधा याच्या उलट दिसते. इटालियन पुस्तकांना अनेकदा चार आकडे असतात. जर्मन कारागीर तापवलेले लहान पितळी ठसे कातड्यावर दाबून सोन्याविना नक्षी उठवत. डच भागात एकाच मोठ्या ठशाने पुरी फळी सजवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे नक्षी कोरलेले चाक फिरवून पट्टे काढू लागले आणि सोळाव्या शतकात या पट्ट्यांत धर्मसुधारकांची व्यक्तिचित्रेही आली. सोन्याची नक्षी इस्लामी जगातून इटलीत आणि तिथून फ्रान्सात पोचली. फ्रान्सचा कोषाधिकारी जाँ ग्रोलिए याच्यासाठी केलेल्या सोनेरी बांधणीची पुस्तके आज फार मोलाची मानली जातात.

जाडजूड फळ्यांच्या जोडीला साध्या बांधणीही होत्या. नरम चर्मपत्राचे वेष्टन स्वस्त आणि हलके असे. आउग्सबुर्गला परतलेल्या राटडोल्टने १४९४ मध्ये ठशांनी छापलेली कागदी वेष्टनेही वापरली. अशी वेष्टने पहिली फाटतात, म्हणून ती टिकून राहिलेली प्रत सजवलेल्या कातडी प्रतीपेक्षाही दुर्मीळ असते.

बांधणी काय सांगते

ठशांवरून कारखाना ओळखण्याचे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले. लंडनचा ग्रंथविक्रेता ई. पी. गोल्डश्मिट याने १९२८ मध्ये गॉथिक आणि प्रबोधनकालीन बांधणींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५१ ते १९५८ या काळात अर्न्स्ट कीरिस याने जर्मन कारखान्यांच्या ठशांची यादी छापली. आता हे ठसे संगणकीय सूचीत शोधता येतात. एर्फुर्टचा बांधणीकार योहानेस फोगेल याच्या ठशांवरून गुटेनबर्ग बायबलच्या त्याने बांधलेल्या प्रती ओळखल्या गेल्या. माइन्झला छापलेले ताव एर्फुर्टला कधी आणि कोणत्या वाटेने पोचले असतील, याचा अंदाज त्यामुळे करता आला.

बांधणीच्या आतही बरेच काही असते. फळ्यांचे अस्तर आणि पाठीचे आधार यांसाठी कारागीर जुनी हस्तलिखिते आणि रद्दी छापील कागद वापरीत. गुटेनबर्गच्या सर्वांत जुन्या छपाईंपैकी एक मानला जाणारा ‘सिबिलेनबुख’चा तुकडा १८९२ मध्ये माइन्झ येथे एका जुन्या बांधणीतच सापडला. १४२३ हे साल कोरलेले संत ख्रिस्तोफरचे प्रसिद्ध ठसाचित्र बुक्सहाइम मठातल्या एका हस्तलिखिताच्या बांधणीत आतून चिकटवलेले होते, म्हणून टिकले. ते आता मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. बांधणी फेकून दिली असती, तर हे दोन्ही पुरावे नष्ट झाले असते.

एकाच बांधणीत अनेक पुस्तके एकत्र शिवण्याची रीतही बोलकी आहे. एखाद्या वैद्याने वनौषधींच्या सचित्र पुस्तकाबरोबर पंचांग आणि प्लेगवरची पुस्तिका बांधून घेतली असेल, तर त्या वाचकाच्या गरजा आपोआप कळतात. नंतरच्या संग्राहकांनी आणि ग्रंथालयांनी अशी पुस्तके सुटी केली, तेव्हा हे संबंध कायमचे तुटले.

संग्रहाच्या इतिहासातले टप्पे

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संग्राहकांचा कल नव्या रूपाकडे होता. पाने धुवून पांढरी करायची, कडा कापून सोनेरी करायच्या आणि लाल मोरोक्को कातड्यात पुन्हा बांधायचे, ही प्रतिष्ठेची रीत होती. त्यात समासातल्या नोंदी पुसल्या गेल्या, क्वचित चित्रांच्या कडाही कापल्या गेल्या. इंग्लंडचा दुसरा अर्ल स्पेन्सर याचा संग्रह त्या काळातला सर्वांत मोठ्या खासगी संग्रहांपैकी एक होता. त्यातली बरीच पुस्तके त्याने नव्याने बांधून घेतली. १८९२ मध्ये तो संग्रह एन्रिकेटा रायलंड्स यांनी विकत घेतला आणि त्यातून मँचेस्टरचे ग्रंथालय समृद्ध झाले.

एकोणिसाव्या शतकात बाजारात मोठा पुरवठाही झाला. १८०३ मध्ये बव्हेरियातले मठ बरखास्त झाले आणि त्यांचे ग्रंथ म्युनिकला आले. दुबार प्रती विकल्या गेल्या. त्यांवर म्युनिकच्या राजग्रंथालयाचा दुबार-प्रतीचा शिक्का आजही दिसतो. बुक्सहाइमचा ग्रंथसंग्रह १८८३ मध्ये लिलावात निघाला. मठांत पुस्तकांना फारसा हात लागत नसे, म्हणून मूळ बांधणीतल्या कितीतरी प्रती याच मार्गाने बाहेर आल्या.

दृष्टी बदलली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. केंब्रिज विद्यापीठाचे ग्रंथपाल हेन्री ब्रॅडशॉ यांनी छापील पुस्तकाचा अभ्यास त्याच्या जुज, खिळे आणि कागद यांवरून करण्याची शिस्त घालून दिली. विल्यम मॉरिस यांनी पंधराव्या शतकातली सचित्र पुस्तके जमवली आणि आपल्या केल्म्सकॉट छापखान्यासाठी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग पुढे १९०२ मध्ये पियरपॉन्ट मॉर्गन यांच्याकडे गेला. अमेरिकेत लेसिंग रोझेनवाल्ड यांनी सचित्र पुस्तकांचा सुमारे २,६०० ग्रंथांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टचे उद्योगपती ओटो शेफर यांचा सचित्र ग्रंथांचा संग्रहही नावाजलेला होता. प्रिन्स्टन विद्यापीठाला २०१५ मध्ये मिळालेला शायडे संग्रह सुमारे ३० कोटी डॉलरचा होता आणि त्यात मूळ बांधणीतले गुटेनबर्ग बायबल आहे.

बाजार, परीक्षा आणि फसवणूक

किमतीवर बांधणीचा परिणाम किती होतो, हे दोन लिलावांतून दिसते. मूळ बांधणीतला गुटेनबर्ग बायबलचा पहिला खंड १९८७ मध्ये न्यूयॉर्कला ५३.९ लाख डॉलरला जपानी खरेदीदाराकडे गेला. तो आज टोकियोच्या केइओ विद्यापीठात आहे. व्हेसेलियसने सम्राट पाचव्या चार्ल्सला भेट दिलेली ‘फाब्रिका’ची प्रत, हाताने रंगवलेली आणि जांभळ्या मखमलीच्या मूळ बांधणीतली, १९९८ मध्ये १६.५ लाख डॉलरला विकली गेली. ‘फाब्रिका’च्या साध्या प्रती याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात.

पण राजेशाही प्रतीच संग्रहाला योग्य असतात, असे नाही. साध्या चर्मपत्रातले लहान प्रार्थनापुस्तक किंवा झिजलेल्या डुकराच्या कातड्यातला वनौषधिग्रंथ अभ्यासाला तितकाच उपयोगी पडतो. प्रत तपासताना पहिले काम पाने मोजण्याचे. प्रत्येक जुज पूर्ण आहे का, कोरी पाने आहेत का, घडीची चित्रे जागेवर आहेत का, हे छापील आणि संगणकीय सूचींशी ताडून पाहतात. मग रंग पाहायचा. चित्रांचा रंग त्याच काळचा असेल, तर तो अनेकदा कागदाच्या मागच्या बाजूस उतरलेला असतो आणि हिरव्या रंगातल्या तांब्याने कागद तपकिरी झालेला असतो. झगझगीत आणि कागदावर तरंगणारा रंग बहुधा नंतरचा असतो.

बांधणीची परीक्षा यापेक्षा अवघड असते. रिकामी जुनी फळी मिळवून तिच्यात दुसरेच पुस्तक बसवण्याची युक्ती जुनी आहे. किड्यांची भोके हा येथे मोठा साक्षीदार असतो. फळीतले भोक अस्तरातून शेवटच्या पानांत सरळ उतरत असेल, तर फळी आणि पाने बराच काळ एकत्र होती. भोके जुळत नसतील, शिवणीच्या जागा दोनदा पाडलेल्या दिसत असतील किंवा पाने फळीच्या मापाला लहान पडत असतील, तर संशय घ्यावा. एकोणिसाव्या शतकात थिओडोर हागे या कारागिराने प्रबोधनकालीन राजांच्या नावे बनावट बांधणी इतक्या कुशलतेने केल्या की, इंग्लंडमधल्या एका श्रीमंत संग्राहकाने त्या अस्सल समजून मोठ्या संख्येने विकत घेतल्या.

प्रत कोणकोणाकडून आली, हे तपासणे आता कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने अपरिहार्य झाले आहे. २०१२ मध्ये नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयातून तिथल्या संचालकानेच हजारो पुस्तके पळवल्याचे उघड झाले आणि युरोपभरच्या व्यापाराला हादरा बसला. शिक्का खरवडलेला, अस्तर नव्याने चिकटवलेले किंवा क्रमांकाची चिठ्ठी उपटलेली असेल, तर विक्रेत्याकडे कागदपत्रे मागणे हे संग्राहकाचे कर्तव्य आहे. पंधराव्या शतकातल्या प्रतींच्या मालकीच्या खुणा देशोदेशीच्या ग्रंथालयांतून एकत्र नोंदवणारी सूची २००९ पासून तयार होत आहे. विखुरलेले मठसंग्रह तिच्या आधारे कागदावर पुन्हा जुळवता येतात.

गोवा, मुंबई आणि हा विषय

या पुस्तकांचा महाराष्ट्र-गोव्याशी खरा धागा आहे. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. १५६३ साली तिथे गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे पट्ट्याने होते. या ग्रंथाचे लॅटिन रूप कारोलुस क्लुसियस याने केले आणि ते अँटवर्पला १५६७ मध्ये क्रिस्तोफ प्लांटिनने ठशांच्या चित्रांसह प्रसिद्ध केले. प्लांटिन स्वतः बांधणीकार म्हणून अँटवर्पला आला आणि नंतर मुद्रक झाला. त्याच्या घराचे आज संग्रहालय झाले असून तिथे सुमारे १४,००० लाकडी ठसे जपले आहेत.

गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव राहिलेल्या यान हॉयखेन व्हान लिन्सखोटेन याचा ‘इतिनेरारिओ’ १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. गोव्याचा बाजार, माणसे आणि झाडे यांची त्यातली चित्रे ताम्रपटावर कोरलेली आहेत. ठशांचे युग संपून ताम्रपटांचे युग आल्याची ती खूण आहे. त्याच परंपरेत १६७८ पासून बारा खंडांत निघालेला ‘होर्तुस मलबारिकुस’ येतो. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे कोकणी साक्षपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. मूळ चर्मपत्री बांधणीतले हे सर्व खंड एकत्र मिळणे ही कोणत्याही भारतीय ग्रंथालयासाठी मोठी गोष्ट ठरेल.

जतन

४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची असंख्य पुस्तके चिखलात बुडाली. त्यांच्यावर काम करताना तज्ज्ञांच्या लक्षात आले की, नरम चर्मपत्राच्या साध्या बांधणीतली पुस्तके इतरांपेक्षा चांगली टिकली होती. ब्रिटिश तज्ज्ञ ख्रिस्तोफर क्लार्कसन यांनी त्या बांधणीचा बारकाईने अभ्यास केला. त्या अनुभवातून जुनी रचना बदलू नये, शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा आणि केलेले काम पुन्हा उलगडता यावे, ही जतनाची तत्त्वे पक्की झाली.

संग्राहकाने पाळायचे नियम साधे आहेत. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी, कारण ती वारंवार चढली-उतरली की लाकडी फळ्या वाकतात आणि कातडे फाटते. कोकण आणि मुंबईसारख्या दमट हवेत तर हे काम वर्षभर सांभाळावे लागते. पुस्तक उतरत्या आधारावर, जेवढे सहज उघडेल तेवढेच उघडावे. कातड्याला तेल किंवा मेण लावू नये. सुटलेली फळी लगेच चिकटवण्याऐवजी आम्लरहित पुठ्ठ्याच्या मापाच्या पेटीत प्रत ठेवावी आणि दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच, आधी छायाचित्रे घेऊन करवावी. अस्तराखाली काही दडलेले दिसले, तरी ते उचकटू नये. आता क्ष-किरण आणि विविध प्रकाशलहरींच्या छायाचित्रणाने कातड्याखालचे तुकडे न काढताच वाचण्याचे प्रयत्न यशस्वी होत आहेत.

म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयासह अनेक संस्थांनी आपल्या आद्य मुद्रित प्रतींची पूर्ण छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. मजकूर आणि चित्रे पाहण्यासाठी आता प्रत विकत घेण्याची गरज उरलेली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष प्रतीचे महत्त्व आणखी स्पष्ट झाले आहे. शिवण, फळीचे लाकूड, ठशांची खोली आणि अस्तराखालचा कागद छायाचित्रात पूर्णपणे उतरत नाहीत. आज संग्राहकाच्या हातून होण्याजोगी सर्वांत मोठी सेवा म्हणजे हाती आलेली प्रत जशी मिळाली तशीच राखणे, तिची प्रत्येक खूण नोंदवणे आणि ती नोंद अभ्यासकांना खुली करणे.